कडोलीच्या साहित्य संमेलनातील एक रविवार

बेळगावच्या परिसरातील मराठी गावे हिवाळ्यात स्वतःच्या वर्गणीतून साहित्य संमेलने भरवतात, हे अनेक वर्षे ऐकून होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी, सांबरा ही नावे वृत्तपत्रांतून वाचलेली होती. यंदा जानेवारीत कडोलीच्या संमेलनाला जाण्याचा योग आला. पुढच्या हंगामात ज्यांना जायचे असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

बेळगाव आणि मराठी साहित्य यांचे नाते जुने आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९२९, १९४६ आणि २००० अशा तीन वर्षी भरले. त्यांपैकी १९४६ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तेथेच झाला. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. खेड्यांतील ही संमेलने त्यानंतर काही दशकांनी उभी राहिली. त्यांच्यामागे साहित्य महामंडळ नाही की मोठे अनुदान नाही. निवृत्त शिक्षक, तरुण मंडळे, भजनी मंडळे आणि घराघरांतून मिळणारा तांदूळ हेच त्यांचे भांडवल आहे.

पुण्याहून मी शनिवारीच निघालो, आणि तसेच करावे असा माझा आग्रह राहील, कारण ग्रंथदिंडी सकाळी लवकर निघते व त्याच दिवशी प्रवास करून ती गाठणे जमत नाही. महामार्गाने पुण्यापासून बेळगाव सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर कोल्हापूरपासून सव्वाशेच्या आत आहे. रेल्वेचे तिकीट काढताना स्थानकाचे नाव ‘बेळगावी’ असे शोधावे. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव तेच आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेले असेल, तर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही वेळा सीमेपुढे जात नाहीत, म्हणून अशा दिवसांत रेल्वे अधिक भरवशाची. निघण्यापूर्वी संयोजकांना दूरध्वनी करून संमेलनाला परवानगी मिळाल्याची खात्रीही करून घ्यावी. २०२० च्या जानेवारीत या भागातील काही संमेलनांपुढे परवानगीची अडचण उभी राहिली होती, आणि दूरवरून निघालेल्या माणसाला ते वाटेत कळणे फार क्लेशाचे असते.

शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळाली, तर गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालय पाहावे. १८४८ साली स्थापन झालेली ही संस्था आजही चालू आहे, आणि गावोगावच्या संमेलनांना लागणारा वाचक कोठे घडला असेल याची कल्पना तेथे बसल्यावर येते.

कडोली बेळगावच्या उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. बसवरील पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात. लिपी येत नसेल तर वाहकाला मराठीतच विचारावे. मला तरी प्रत्येकाने आपुलकीने उत्तर दिले. सकाळी गावात पोहोचलो तेव्हा गल्ल्यांत सडा पडला होता आणि दारोदारी रांगोळ्या काढून झाल्या होत्या. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि भारताचे संविधान शेजारी शेजारी ठेवलेले होते. पुढे लेझीम, मागे टाळ-मृदंग, डोक्यावर कळस घेतलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यामागे गणवेशातील शाळकरी मुले अशी दिंडी चालली होती. घरासमोर पालखी आली की घरातील बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई, खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घाली आणि ग्रंथांना हळदकुंकू लावी. गावदेवाच्या पालखीला जो मान मिळतो, तोच येथे ग्रंथांना मिळत होता. मोठ्या शहरांतील संमेलनांच्या ग्रंथदिंड्याही मी पाहिल्या आहेत. त्यांत चालणारे पुष्कळ असतात, पण दारात वाट पाहत उभे असलेले कोणी मला दिसले नव्हते.

उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण यांचा क्रम सर्वत्र असतो तसाच होता, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. परिसंवाद मात्र मनापासून ऐकण्यासारखा झाला. सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला, तेव्हा वक्त्यांपेक्षा मांडवातील पालकांना अधिक सांगायचे होते, आणि सूत्रसंचालकांनी वेळ वाढवून त्यांना बोलू दिले, हे मला फार योग्य वाटले.

दुपारी सगळ्या मांडवाला जेवण होते. पंगतीत बसलो असताना वाढणाऱ्या काकांनी दुसऱ्यांदा भात वाढला. मी हात आडवा धरला, तर म्हणाले, “लांबनं आलाय न्हवं, पोटभर जेवून जावा की ओ.” बाहेरून जाणाऱ्यांनी जेवण टाळून शहरात परतू नये. गावातील माणसांशी खऱ्या ओळखी पंगतीतच होतात, आणि दुपारच्या कथाकथनाला लोक का थांबतात हेही तेथेच कळते.

ज्यासाठी मी गेलो होतो ते कविसंमेलन शेवटच्या सत्रात होते. मांडवात सतरंज्यांवर बसलेले बहुतेक श्रोते शेतकरी कुटुंबांतील होते. शहरी वाचनांत श्रोत्यांतील निम्मे लोक स्वतः कवी असतात आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. येथे ऐकणाऱ्यांना वाचायचे नव्हते, त्यामुळे ते पूर्ण कान देऊन ऐकत होते. एका अनुभवी कवीने कागदात डोके घालून दीर्घ मुक्तछंद वाचला, आणि चौथ्या-पाचव्या ओळीपासून मांडवात कुजबुज सुरू झाली. त्यांच्यानंतर आठवी-नववीतील एक मुलगी उभी राहिली. बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत आईच्या नखांत बसणारी माती, आणि सणाच्या आदल्या रात्री ती माती काढण्यासाठी आईने घेतलेली सुई, एवढाच तिच्या कवितेचा विषय होता. तिने कागद हातात धरला होता, पण पाहिला एकदाही नाही. कविता संपल्यावर टाळ्या पडायला थोडा वेळ लागला, कारण पुढच्या रांगेतील बायका स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या.

ज्यांना तेथे कविता वाचायची असेल, त्यांनी दिवाळीपूर्वीच संयोजकांशी पत्रव्यवहार करावा. निमंत्रितांची यादी लवकर ठरते, आणि आयत्या वेळी चिठ्ठी पाठवून नाव घालण्याचा आग्रह धरणे संयोजकांना अवघड करते. दोन छोट्या कविता पाठ करून न्याव्यात. एकच वाचायला मिळेल असे धरून चालावे, आणि प्रास्ताविक दोन वाक्यांत आटपावे. मानधनाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. स्वतःच्या संग्रहाच्या प्रती वाटण्याऐवजी गावातील शाळेच्या ग्रंथालयासाठी मुलांची चार चांगली पुस्तके न्यावीत. मी नेलेली पुस्तके मुख्याध्यापकांनी तेथेच उघडून मुलांच्या हाती दिली. सीमाप्रश्नावर व्यासपीठावरून आवेशाने बोलण्याचा मोह बाहेरच्या पाहुण्याने टाळावा, असे मला मनापासून वाटते. आपण रात्रीच्या गाडीने निघून जातो. त्या बोलण्याची उत्तरे संयोजकांना द्यावी लागतात.

ग्रंथविक्रीच्या दालनात सुटे पैसे जवळ असावेत. स्थानिक कवींनी स्वखर्चाने काढलेले संग्रह तेथे मिळतात आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत ते सहसा दिसत नाहीत, म्हणून पुढच्या वेळी घेऊ असे म्हणून पुढे जाऊ नये. मी सहा घेतले, आणि त्यांतील दोन परतीच्या प्रवासात वाचून झाले.

एक चूक माझ्याकडून झाली. परतीचे आरक्षण रविवारी संध्याकाळचेच केले होते. कविसंमेलन ठरल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा सुरू झाले आणि शेवटच्या पाच-सहा कवींना न ऐकताच मला उठावे लागले. आरक्षण सोमवारचे करावे. सूर्य मावळल्यावर थंडी झपाट्याने वाढते, त्यामुळे शाल किंवा स्वेटर जवळ असू द्यावा.

निघण्यापूर्वी मी त्या मुलीला आणि तिच्या शिक्षिकेला भेटलो व कवितेची प्रत मागितली. तिने माझ्या वहीत ती स्वच्छ अक्षरात उतरवून दिली. मधली एक ओळ मात्र तिने कोरी ठेवली होती. विचारल्यावर म्हणाली, “ती मंचावर म्हटली, पण मला अजून बरोबर वाटंना. झाली की बाईंच्या पत्त्यावरनं पाठवते.”