ताटीच्या आतला राग

गेल्या श्रावणापासून दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी रात्री आठ वाजता, मी सोसायटीच्या फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभ्या केलेल्या गाडीत बसते आणि कानाला इअरफोन लावून कोल्हापुरातल्या एका समुपदेशक बाईंशी पन्नास मिनिटे बोलते. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई आणि दहावीतला मुलगा असताना असे बोलणे शक्य नसते, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज मिळत नाही. मी रुसून गाडीत बसते, अशी आमच्या वॉचमनची बरेच दिवस समजूत होती. ती अगदीच चुकीची होती असेही म्हणवत नाही.

माझे माहेर ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवरच्या तरडगावजवळचे. घरात चार पिढ्यांची माळ आहे आणि आषाढी-कार्तिकीचा नेम आहे. वडील गेल्यावर चार वर्षांपूर्वी भावाने मला दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले आणि तिथे हक्कसोडपत्र माझ्यापुढे ठेवले. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो हे मला ठाऊक होते, भावालाही ठाऊक होते. कागद आधीच तयार होता, साक्षीदार बाकावर बसले होते, आणि मी सही केली. जमिनीचे दुःख मला फारसे झाले नाही. मला एका शब्दाने विचारले गेले नाही याचे झाले, आणि पुढे सातबाऱ्यावरून माझे नाव कमी झाल्याचे कळले तेव्हा मी पालखीच्या दिवशी माहेरी जाणे बंद केले.

राग होताच, पण त्याहून मोठा त्रास राग येतो याचा होता. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या बाईने सख्ख्या भावाचा चार वर्षे मत्सर करावा, हे मला पापासारखे वाटत असे. आमचे चुलते कीर्तन करतात. त्यांनी फोनवर मला मुक्ताबाईची ओळ ऐकवली होती, ‘विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी’. त्यानंतर झोप लागेना झाली की मी तीच ओळ मनात घोळत असे आणि आपण पाणी होत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत असे.

या बाईंच्या आधी मी शहरातल्या एका समुपदेशकांकडे दोनदा गेले होते. त्यांनी माझे बोलणे नीट ऐकले, पण हरिपाठाचा उल्लेख आल्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘तुमची खरी अडचण इथेच आहे.’ त्यांचे कदाचित थोडे खरेही असेल, पण ज्या गोष्टीवर मी उभी होते तीच आधी काढून घ्या म्हटल्यावर मी तिसऱ्यांदा गेले नाही.

कोल्हापूरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की त्या स्वतः माळकरी नाहीत, मला धर्म शिकवण्याचा किंवा माझा धर्म सोडवण्याचा त्यांचा अधिकार नाही, परंतु माझी श्रद्धा मला कुठे आधार देते आणि कुठे टोचते हे त्यांना समजून घ्यावे लागेल. (जागतिक मनोचिकित्सा संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही हेच आहे, हे मी नंतर वाचले: रुग्णाची श्रद्धा विचारात घ्या, पण आपल्या पदाचा उपयोग प्रचारासाठी करू नका.) मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर देताना मला गाडीची काच खाली करावी लागली. ‘ती ओळ मुक्ताबाई कोणाला म्हणते?’

मी ताटीचे अभंग लहानपणापासून ऐकत आले होते, तरी हे मनात आले नव्हते. ज्ञानदेवांचा गावात अपमान होतो, ते झोपडीची ताटी लावून आत बसतात, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ म्हणते. म्हणजे पाणी व्हायला बहीण भावाला सांगते आहे. आमच्या घरात ती ओळ नेमकी उलटी फिरवून बहिणीच्या अंगावर घातली गेली होती. शिवाय त्याच अभंगात लगेच पुढे ‘शब्दशस्त्रें झाले क्लेश’ असे आहे, म्हणजे मुक्ताबाई जखम नाकारत नाही, आधी तिचे नाव घेते. बाई एवढेच म्हणाल्या, ‘तुमच्या ताटीशी येऊन कोणी हे म्हटले का?’ त्या दिवशीची उरलेली वीस मिनिटे मी फक्त रडले, आणि विठ्ठलाला शिव्या घालणारी जनाबाई ज्या परंपरेत संत आहे, त्या परंपरेत माझ्या रागाला जागा असणारच, हे पहिल्यांदा पटले.

पुढचे काम मात्र रुक्ष होते आणि तेच महिनोन्‌महिने चालले. माझ्या वाक्यांतला ‘च’ शोधायचा, असा तो अभ्यास होता. ‘त्याने मला विचारायलाच हवे होते’ आणि ‘त्याने विचारले असते तर मला बरे वाटले असते’ या दोन वाक्यांत थोडाच फरक दिसतो, पण पहिल्या वाक्यावर रात्र जाते आणि दुसऱ्यावर दुःख होऊनही झोप लागते. ही पद्धत अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची. ते स्वतः निरीश्वरवादी, धार्मिकतेवर कडक टीका करणारे. तरी २००१ मध्ये दोन सहलेखकांसह त्यांनी श्रद्धाळू माणसांच्या समुपदेशनावर पुस्तक लिहिले, हे मला गमतीचे आणि दिलासा देणारे वाटते.

ऑनलाइन म्हटले की मैत्रिणी लगेच नंबर मागतात, म्हणून एक सांगून ठेवते. श्रद्धेच्या नावाखाली ग्रहदोष, शांती आणि उपासाच्या यादीपर्यंत पोहोचवणारे ‘मार्गदर्शक’ मोबाइलवर भरपूर आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेकडे असते. ती विचारायला लाजू नये. आणि जीव नकोसा वाटत असेल तर अशी भेटीची वेळ ठरवत बसू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पडद्यावरच्या भेटीला मर्यादाही आहेत: माझा आवाज कापरा होतो तो बाईंना ऐकू जातो, पण माझे हात त्यांना दिसत नाहीत.

यंदा आषाढात मी चार वर्षांनी माहेरी गेले. पालखीच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे झालेल्या उभ्या रिंगणात भाऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोन ओळींमधून अश्व धावत गेल्यावर, टाळांच्या गजरात, मी त्याला म्हटले, ‘तू विचारले असतेस तर मी बहुधा सही केली असती. पण तू विचारले नाहीस.’ तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, जेवून जा.’

मी जेवले. मुक्कामाला मात्र थांबले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.