नागपुरात सिक्लिडची टाकी: पाणी जमतं, मे जमवावा लागतो

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड या रंगीत माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच ७.८ ते ८.६. नागपूरकराला ते फारशा खटाटोपाविना जमतं, त्यामुळे दुकानदार 'पाळायला एकदम सोपे' म्हणून मासे गळ्यात मारतो. मे महिन्याचं तो बोलत नाही.

टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, त्याहून लहान नको. हे मासे हद्दीसाठी भांडतात आणि दोन फुटी टाकीत हरलेल्याला पळायला जागाच उरत नाही. काच १० मिमी, वरच्या कडेला आडव्या पट्ट्या. पाणी धरून सगळं वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, म्हणून लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल. स्टँड लेव्हलमध्ये नसेल तर ताण एका कोपऱ्यावर येतो आणि सिलिकॉनचा जोड काही महिन्यांनी दगा देतो. पश्चिमेची भिंत टाळा. दिवसभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

आधी दगड, मग रेती. उलट केलंत तर मासे दगडाखालची रेती उकरतात आणि पूर्ण रचना काचेवर कोसळते. आपला काळा पाषाण उत्तम, पाण्याचा गुण बदलत नाही. कन्हानची रेती चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. दीड-दोन इंचाच्या थराला ३० ते ४० किलो लागते. पीएच खाली घसरत असेल तर दोन किलो संगमरवरी गिट्टी जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. प्रवाळाचा चुरा घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. आणि आरओचं पाणी तर अजिबात नको, हवे तेच क्षार त्यातून गेलेले असतात.

आता सर्वांत जास्त मासे जिथे मरतात तो टप्पा. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, पण ते जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो; ८.२ ला, २८ अंशांच्या पाण्यात, तोच सुमारे दहा टक्के. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत खपून जाणारी घाई इथे खपत नाही. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे न टाकता नवसागर (अमोनियम क्लोराइड) घाला. कल्हईवाल्याचा नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा. या टाकीतल्या २२० लिटरला १.४ ग्रॅम, म्हणजे अमोनिया साधारण २ पीपीएम. टेस्ट किटने मोजत राहा, शून्यावर आला की पुन्हा तेवढाच. एका डोसनंतर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की फिल्टर तयार. याला चार ते सहा आठवडे जातात. मग निम्मं पाणी बदलून मासे आणा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूही मारतं. ते घालवायला १०० लिटरला एक ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. फिल्टर तासाला १५०० ते २००० लिटर फिरवणारा हवा.

मे महिन्यात बंद खोलीतलं पाणी सहज ३३-३४ अंशांवर जातं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि माशाला तर जास्त लागतो. मग लोक बर्फाच्या बाटल्या सोडतात. हिशेब करून बघा: एक लिटर बर्फाची बाटली २२० लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते. तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर अडीच अंश. आपल्या कूलरचंच तत्त्व. तेव्हा काचेचं झाकण काढा, मच्छरजाळी ताणून बसवा (हे मासे उडी मारतात) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. कोरड्या हवेत तीन-चार अंशांचा फरक पडतो. खोलीत कूलर लावायचा तर खिडकी उघडी हवी, नाहीतर हवा दमट होऊन पंखा निकामी. उडालेलं पाणी रोज भरा, पण क्षार मागेच राहतात, म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं चुकवू नका. ३१ अंशांवर गेलं की खाणं निम्मं करा.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. दीडशे वॉटचे दोन हीटर, २५ अंशांवर. एकच मोठा घेतला आणि त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर मासे उकडतात. पाणी बदलताना हीटर आधी बंद.

मासे १५ ते १८, एका नरामागे तीन माद्या. यलो लॅब आणि असेई या जाती निवांत. ऑरेटस मात्र पिल्लू असताना गोंडस दिसतो आणि वर्षभरात टाकीचा दादा होतो. 'मिक्स सिक्लिड' नावाची पिशवी घेऊ नका. नवा मासा सोडताना दगडांची रचना बदला, दिवा बंद ठेवा. जुन्यांच्या हद्दीच पुसल्या जातात. खाणं स्पिरुलिनाचं, म्हणजे शेवाळाचं. ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि बीफहार्टसारख्या मांसाहारी खाण्याने या शेवाळखाऊ माशांचं पोट फुगतं, आणि मग औषध क्वचितच लागू पडतं.

वादळात लाइट गेली तर बॅटरीचा एअर पंप लगेच लावा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) काही तास बंद राहिला असेल तर थेट सुरू करू नका. आतलं सडलेलं पाणी फेकून, स्पंज पिळून मग जोडा.

मादी तोंडात अंडी धरून सुमारे तीन आठवडे उपाशी राहते. गलफडं फुगलेली दिसली की आजार समजून औषध ओतू नका. पिल्लं वाढली तर दुकानदार घेतो. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडायची नाहीत.