७६८ ला बसणारी भट्टी

शिरोली एमआयडीसीतली हीट ट्रीटमेंटची भट्टी. कास्टिंग नऊशे डिग्रीपर्यंत तापवायचं, वरची मर्यादा हजार. पण तापता तापता मध्येच ओव्हर टेम्परेचर दाखवून ट्रिप व्हायची. कधी आठवडाभर नाही, कधी एकाच पाळीत दोनदा. पॅनेलवाल्यांनी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बदललं, केबल बदलली, अर्थिंग नव्यानं केलं. भट्टीवरचे मामा मात्र पहिल्यापासून सांगत होते, "सायेब, साडेसातशेच्या जरा पुढं गेली की बसत्या बघा." ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

कारण संशय त्या आकड्यावरच येतो. कंट्रोलरकडे तापमानाचा आकडा दोन बाइटमध्ये येतो, वरचा आणि खालचा. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत लिहिलं, तर ७६७ म्हणजे ०२ आणि एफएफ असे दोन बाइट. ७६८ म्हणजे ०३ आणि ००. कंट्रोलरच्या सी भाषेतल्या कोडमध्ये युनियन होतं: एकच जागा, सोळा बिटांचा आकडा म्हणूनही वाचायची आणि दोन सुटे बाइट म्हणूनही भरायची. सिरियल केबलवरून बाइट आला की इंटरप्ट, म्हणजे मुख्य काम मध्येच थांबवून चालणारा छोटा कोड, तो थेट युनियनमध्ये टाकायचा, वरचा आधी. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, पुढचा बाइट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढा वेळ त्या जागेत नवा ०३ आणि जुना एफएफ. म्हणजे १०२३! मुख्य लूप नेमका तेव्हा वाचायला आला की भट्टी बंद. ५१२ ओलांडतानाही आकडा असाच उडत होता, पण ७६७ वर. मर्यादेच्या आत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोड लिहिणारा पोरगा हुशार आहे. म्हणाला, "पण सर, व्होलाटाइल लावलंय की." लावायलाच हवं, नाहीतर कंपायलर जुनी किंमत रजिस्टरमध्ये, प्रोसेसरच्या आतल्या जागेत, धरून बसेल. पण सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डमध्ये आलेला हा शब्द एवढंच सांगतो की दर वेळी मेमरीतूनच वाच. मेमरीत अर्धवट आकडा असेल तर तोच मिळणार. कॉलेजात व्होलाटाइलची व्याख्या पाठ करून घेतात. इंटरप्टच्या मधोमध काय घडतं ते कुणी दाखवत नाही.

आता बाइट वेगळ्या जागी जमा होतात, दुसरा आला की दोन्ही एकदम युनियनमध्ये जातात. मुख्य लूप इंटरप्ट बंद करून कॉपी घेतो आणि लगेच चालू करतो. कंट्रोलर आठ बिटांचा, सोळा बिट एका दमात वाचणं त्याला जमत नाही. ट्रिप थांबले.

तोच जुना कोड गोकुळ शिरगावच्या एका भट्टीवर चालू आहे. तिथं मर्यादा अकराशे, म्हणून ट्रिप होत नाही. ७६८ वरून एक डिग्री उतरताना तिथं क्षणभर ५१२ वाचलं जाऊ शकतं, हे मी मालकांना कागदावर मांडून दाखवलं. "चालतंय तोवर हात लावू नका," म्हणाले. मी पुन्हा जाणार आहे.