बकेटमध्ये बसून पहिली जायंट स्लॅलम

माझ्या पहिल्या जायंट स्लॅलमला, म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या गेटांमधून वळत जायच्या स्की शर्यतीला, चार दिवस उरले होते. रात्री आईने नेहमीप्रमाणे टॉर्च घेतला, मला कुशीवर वळवलं आणि माकडहाडापाशी तिचा हात थांबला. "इथे लाल आहे गं." तिने बोटाने दाबून पाहिलं. निरोगी कातडी दाबली की फिकी पडते आणि बोट काढलं की रंग परत येतो. ही फिकी पडलीच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तरी नखाएवढा तो डाग तसाच. "उद्या बर्फावर जायचं नाही," आई म्हणाली. मी भांडले, रडले. हातात चारच दिवस, त्यातला एक पलंगावर घालवायचा? तिने माझं सगळं ऐकून घेतलं, टॉर्च बंद केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

अपघातात माझ्या मज्जारज्जूला छातीच्या अकराव्या मणक्यापाशी इजा झाली. कमरेखाली मला काहीच जाणवत नाही. शिवण टोचली, पट्टा रुतला, बोटं गारठली, तरी मला पत्ता लागत नाही. बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, एकदा का उघडला की आठवडे, कधी महिने त्या जागेवर भार टाकता येत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच आमच्यात ठरलं होतं: कातडीच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा. ठरवताना सोपं वाटलं होतं. त्या रात्री ते पाळणं फार जड गेलं.

मी मोनोस्कीवर शर्यत करते. खाली एकच स्की, तिच्यावर धातूची चौकट, चौकटीत शॉक अॅब्सॉर्बर आणि वर बकेट, म्हणजे कंबर आणि मांड्या घट्ट बसतील अशी साच्यातली सीट. दोन्ही हातांत आउटरिगर असतात, कोपरापर्यंतच्या कुबडीला खाली छोटी स्की लावलेली. उभं राहून स्की करणाऱ्याचे गुडघे जे धक्के पचवतात ते इथे शॉक अॅब्सॉर्बर पचवतो. आणि वळण घ्यायचं ते डोकं, खांदे आणि पोटाचे जे काही स्नायू शिल्लक आहेत त्यांच्या जोरावर.

पहिला हंगाम पडण्यात आणि उठण्यात गेला. उठण्याची एक पद्धत आहे. आधी स्की उताराला आडवी आणि आपल्या खालच्या बाजूला आणायची, तिची कड बर्फात रुतवायची, मग वरच्या बाजूच्या हाताने जमीन रेटत शरीर स्कीवर चढवायचं. तीव्र उतारावर हे लवकर जमतं. सपाटीवर दम निघतो. मी पडले रे पडले की बाबा धापा टाकत यायचे आणि बकेटला धरून मला उभं करायचे. आठवडाभर हे पाहून प्रशिक्षकांनी त्यांना बाजूला घेतलं. तिने आउटरिगर उंच धरला तरच जायचं, एरवी जागचं हलायचं नाही. बाबांनी तो नियम पाळला. एकदा मी बारा मिनिटं बर्फात धडपडत होते आणि ते वीस पावलांवर हातमोजे चुरगाळत उभे होते. मी उठले तेव्हा ते माझ्याकडे आले नाहीत, पाठ फिरवून डोळे पुसत होते. त्या दिवसानंतर मला एकटीने चेअरलिफ्टवर, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीवर, बसायचं धाडस आलं. चेअरलिफ्टसाठी बकेट यंत्रणेने वर उचलून अडकवावं लागतं, मगच खुर्ची खालून नीट सरकते. उतरताना ते पुन्हा खाली बसवायला विसरलं तर पहिल्याच वळणाला तोल जातो.

सामानाची जबाबदारी दादाकडे आली. रोज संध्याकाळी स्की उलटी बांधून तो कानशीने कडा घासतो, वॅक्स लावतो, खरवडतो, ब्रश मारतो. पण त्याची खरी कमाल बकेटमध्ये दिसली. माझी वळणं उशिरा का सुरू होतात ते कुणाला कळेना. दादाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला. माझं कंबरडं आधी फिरत होतं आणि स्की एक क्षण मागून. बकेटमध्ये उजवीकडे बोटभर जागा मोकळी होती. त्याने फोमचे तुकडे कापून ती भरली, मग सीट काही मिलिमीटर पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी मी मान वळवली आणि स्की बरोबरच वळली! ते मी अजून विसरलेले नाही. या खेळात पोशाखापेक्षा, स्कीच्या ब्रँडपेक्षा बकेटची फिटिंग मोठी, असं माझं ठाम मत आहे.

शर्यतीआधी वर्गीकरण करून घ्यावं लागतं. बसून स्की करणाऱ्यांचे वर्ग एलडब्ल्यू १० ते एलडब्ल्यू १२ असे आहेत आणि धड किती सावरता येतं यावर ते ठरतात. आमचा वैद्यकीय अर्ज पहिल्या फेरीत परत आला, कारण कुठल्या स्नायूत किती ताकद आहे त्याचे ० ते ५ हे आकडे डॉक्टरांनी भरलेच नव्हते. बाबा तीनदा रुग्णालयात खेटे घालून आले. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी हा रकाना आधी तपासावा. प्रत्यक्ष तपासणीत स्नायू पाहिले, मग एका कलत्या फळीवर बसवून मी तोल कशी सावरते ते पाहिलं, आणि शेवटी बर्फावर. मला एलडब्ल्यू ११ मिळाला.

सगळे वर्ग एकाच शर्यतीत उतरतात, म्हणून प्रत्येक वर्गाच्या वेळेला गुणक असतो. समजा घड्याळात ६० सेकंद लागले आणि गुणक ०.८५ असेल, तर निकालात ५१ सेकंद धरतात. आईला हे समजावताना तिने विचारलं, "म्हणजे तुझ्या पोटात जेवढी ताकद उरली आहे तेवढ्याचा हिशोब ते धरतात?" इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

बाबांनी दरम्यान जुनी माहिती वाचायचा सपाटा लावला होता. १९७६ साली स्वीडनमध्ये पहिली हिवाळी पॅरालिम्पिक झाली तेव्हा बसून स्की करणाऱ्यांना जागाच नव्हती. १९८४ साली इन्सब्रुकला ती प्रात्यक्षिक म्हणून आली. जर्मनीच्या आना शाफेलहुबर यांनी २०१४ साली सोचीत बसून खेळणाऱ्यांच्या गटातली पाचही सुवर्णपदकं जिंकली. त्यातल्या स्लॅलममध्ये सुटताना आउटरिगर स्थिर नव्हते म्हणून त्यांना आधी बाद केलं होतं, नंतर अपिलात निकाल फिरला. हे वाचल्यापासून बाबांनी एकच गोष्ट लावून धरली, "सुटताना हात स्थिर."

तर तो लाल डाग. दुसऱ्या दिवशी मी पालथी पडून होते आणि दादा बकेट मांडीवर घेऊन आतून तळहात फिरवत होता. तासाभराने त्याला सापडलं. फोमच्या दोन तुकड्यांचा सांधा वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढी कड. आधी त्यानेच चिकटवलेला तो तुकडा. तो काही बोलला नाही. सगळा थर काढला आणि अखंड तुकडा कापून बसवला. दीड दिवसाने डाग गेला. मग आईने होकार दिला, पण दर दोन रननंतर, म्हणजे दोनदा खाली उतरल्यावर, बूट काढून बोटं पाहायची या अटीवर. ती हातमोजा काढून हाताची मागची बाजू माझ्या अंगठ्याला लावते. गार लागली की मी आत जाते. गरम पॅक उघड्या कातडीला कधीच लावत नाही, कारण भाजलेलंही मला कळत नाही. आणखी एक, थंडीत पाणी कमी प्यायचा मोह होतो, कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी घालायच्या नळीची, कटकट नको म्हणून. मी एकदा तसं केलं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापात पडले. आता घड्याळात वेळ लावलेली असते.

शर्यतीच्या सकाळी कोर्स बघायला सोडतात. गेटच्या कडेकडेने आडवं घसरत उतरायचं आणि वळणं पाठ करायची. मी डोळे मिटून तीनदा म्हणून पाहिलं. अकराव्या गेटनंतर उतार एकदम खाली वाकत होता, पुढचं गेट दिसतच नव्हतं.

सुरुवातीच्या चबुतऱ्यावर दादा मागून चौकट धरून होता. माझ्या पुढची स्पर्धक सुटली. "सोडतोय," तो म्हणाला, आणि त्याचा हात निघाल्याचं मला कळलं नाही, फक्त त्याच्या बुटांचा आवाज मागे गेला. आउटरिगर बर्फात टेकवून मी गप्प बसले. जायंट स्लॅलममध्ये पाच सेकंदांची पीप पीप सुरू होते. शेवटच्या पीपला रेटा दिला.

अकराव्या गेटपाशी मी आतल्या आउटरिगरवर जास्त रेलले. स्की मागून घसरली, कानाशी बर्फ उडाला. आपण गेलो असं वाटलं. मान पुढच्या गेटकडे वळवली तेवढीच, आणि कड पुन्हा धरली गेली. पहिला रन पुरा केला नाही तर दुसरा मिळत नाही, म्हणून पुढचे सगळे गेट मी सांभाळून घेतले. दुसऱ्या रनचा कोर्स वेगळा लावलेला होता. त्यात मी सांभाळलं नाही. जोरात गेले.

निकालात मी शेवटून तिसरी आले. दोन्ही रन पुरे झाले होते आणि यादीत माझ्या नावासमोर वेळ छापलेली होती. बाबांनी त्या यादीचा फोटो काढला, मग हात हलला म्हणून पुन्हा काढला.

रात्री आईने टॉर्च घेतला. मला वळवलं, दाबून पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. मी श्वास धरून होते.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही. झोप आता."