कॉन्ट्रा आणि दुखरा अंगठा
आज दुपारभर भावासोबत कॉन्ट्रा हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळलो. कोनामीचा 1988 चा, निन्टेन्डोच्या 8 बिट कन्सोलवरचा. अंगठा अजून दुखतोय!

इतक्या वर्षांनीही कंट्रोल एकदम चोख आहेत. उडी मारल्यावर हवेतच दिशा बदलता येते, पळता पळता तिरकी गोळी झाडता येते. मेलो तर चूक आपलीच, गेमवर ढकलायची सोय नाही. एक गोळी लागली की एक लाइफ खल्लास, आणि वर हातातली गनही जाते. ‘एस’ची स्प्रेड गन (एकदम पसरून अनेक गोळ्या झाडणारी) गेल्यावर त्या साध्या बंदुकीनं लढणं म्हणजे वनवासच.

पहिल्या लेव्हलमधला पूल पायाखाली फुटत जातो, तिथे आजही छातीत धस्स झालं. तिसरी लेव्हल धबधब्याची. भाऊ घाईघाईनं वर चढला, स्क्रीन वर सरकली, मी खाली राहिलो आणि फुकटचा मेलो. तीनदा! वर म्हणतो, “तू हळू आहेस.”

गर्दी झाली की स्प्राइट, म्हणजे स्क्रीनवर हलणारी छोटी चित्रं, लुकलुकतात, कारण त्या मशीनला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवता येतात. बाकी तक्रार नाही.

शेवटी वर-वर-खाली-खाली करत बटणांचा तो चीट कोड दाबून तीस लाइफ घेतलेच. लाज कसली त्यात?