चाकरमानी परत निघाले

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की कुडाळ स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. आईने पिशवीत सोललेले नारळ, कुळथाचं पीठ, आमसुलं कोंबली. तवसं मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात वर, चेपू नये म्हणून. ‘पोचलस काय फोन कर गो,’ एवढंच म्हणाली.

तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीहूनच भरून आली. पावसाळी वेळापत्रकात गाड्या बेताच्या वेगाने चालतात. मला ते आवडतं. कणकवली, वैभववाडी जितकी सावकाश मागे पडतील तितकं बरं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी बाबा एसटीने रात्रभर धक्के खात मुंबई गाठायचे आणि तसेच पाळीवर जायचे.

मीही दादरला उतरून थेट ऑफिसला जाणार. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या चतुर्थीची ती तारीख मी गाडीतच लिहून ठेवली.