ताप मलेरियासारखा, पण स्लाइड वेगळंच सांगते

थंडी वाजून ताप, मग घाम, मधे जरा बरं आणि परत ताप, असं ऐकलं की विदर्भात कुणीही मलेरियाच म्हणणार आणि बऱ्याचदा तो निघतोही. तरी लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी आधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या शेतकऱ्याची केस सांगते. त्याला महिनोन्महिने ताप येत-जात होता आणि रक्तात सापडला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, म्हणजे गुराढोरांना, घोड्याउंटांना ज्याच्यामुळे सर्रा नावाचा रोग होतो तो परजीवी! 2005 मध्ये ही केस छापून आली, माणसातली अशी पहिलीच. आपल्या रक्तात एपीओएल-1 नावाचं प्रोटीन असतं, ते या परजीवीला मारतं, आणि नंतर तपासलं तर त्या माणसात नेमकं तेच नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच, जे दिसतंय ते लाल पेशीच्या आत आहे की बाहेर? ट्रिपॅनोसोमा बाहेर असतो, लांबट, शेपटीवाला, ताज्या रक्ताच्या थेंबात तर वळवळताना दिसतो. मलेरियाचा परजीवी पेशीच्या आत.

आत असेल तर खरी मेहनत पुढे आहे. व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीच्या दोन जाती. व्हायव्हॅक्समध्ये पेशी फुगलेली, तिच्यात गुलाबी ठिपके, आणि रिंगपासून (अंगठीसारखी कोवळी अवस्था) शायझॉंटपर्यंत (फुटायच्या आधीची पिकलेली अवस्था) सगळ्या स्टेजेस एकाच स्लाइडवर मिळतात. फाल्सिपॅरममध्ये पेशी नेहमीच्याच आकाराची, नाजूक रिंगा, कधी एकाच पेशीत दोन-तीन, काही तर अगदी कडेला चिकटलेल्या, आणि केळ्यासारखे गॅमेटोसाइट (परजीवीची नर-मादी रूपं) दिसले की विषयच संपला. मोठ्या स्टेजेस का दिसत नाहीत तर त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, मेंदूतल्यासुद्धा, त्यामुळे स्लाइडवर थोडेच दिसले म्हणून पेशंट सेफ आहे असं अजिबात समजू नका. व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये लपतो, त्याला प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस लागतं, म्हणून रिपोर्टवर नुसतं 'एमपी पॉझिटिव्ह' (मलेरियाचा परजीवी सापडला) लिहून भागत नाही, परजीवीची जात लिहायलाच हवी. आणि जाड स्मिअरवर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) परजीवी पटकन सापडतो पण जात ओळखायला पातळच लागतो, दोन्ही करा.

फायलेरियाचं, म्हणजे हत्तीरोगाचं, वेगळंच, आपल्याकडच्या फायलेरियाचे मायक्रोफायलेरिया (त्या कृमीची पिल्लं) रात्री 10 ते 2 च्या सुमारास रक्तात येतात. संशय असताना दुपारच्या रक्तावर निगेटिव्ह लिहून पेशंटला घरी पाठवणं मला मुळीच पटत नाही.